कुकरने शिट्टी दिलीच नाही

कमल,

डाळ जळली आहे. तू तीन शिट्ट्या मोजायला सांगून गेलीस. मी इमानाने मोजायला बसलो, पण कुकरने एकही दिली नाही.

घाबरू नकोस, ते खातं सध्या मी सांभाळतो आहे.

झालं असं, की डाळ शिजेपर्यंत मी ती मूकपटांतल्या विनोदवीरांवरची कॅसेट लावली. माणसं पडत होती, आपटत होती. मध्येच एक म्हातारा खुर्चीत बसून नुसतेच ओठ हलवू लागला. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. शेवटी म्हटलं, मूकपटांची माहितीही मुक्यानेच देत असतील. तेवढ्यात शेजारचा देवीदास आत येऊन हातवारे करायला लागला. मला वाटलं, नक्कल करतोय. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याच टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत.

देवीदासने पेपरच्या कडेला लिहिलं, "काका, टीव्ही कमी करा ना, भिंत हलून राहिली."

त्याच्याच स्कूटरवर सेक्टर नऊच्या दवाखान्यात चाललो आहे. दुर्गहून आलीस की तिकडेच ये. गॅस बंद केला आहे, तीनदा पाहिला. अक्षर वाकडं आलंय ते भीतीमुळे, त्यात कानांचा दोष नाही.

सकाळी निघताना तू दारातून काहीतरी म्हणालीस. तेव्हा कान धड होते, तरी मी पेपरातून मान वर न काढता "हो हो" म्हटलं. काय म्हणाली होतीस, तेवढं लिहून आण.

श्यामराव