सर्बियाचा लगाम माझ्या हातात

३ मे १९१३, सलोनिका
डोकं फिरलंय. तुर्कांना आम्ही ग्रीक आणि सर्बांनी मिळून हाकललं. आता दोघांचे साहेब हॉटेलात बसून मुलखाची वाटणी करतायत. आमचं आस्प्रोखोरी नेमकं रेघेवर! घरी आई, बाळंतीण बहीण फोतिनी. आमचे साहेब नुसतं फ्रेंच झाडतात. मी सर्बांच्या कर्नल रादिसावची घोडागाडी हाकतो. म्हणजे रोज दोनदा सर्बिया माझ्या ताब्यात. आता मीच बघतो.

५ मे
मुद्दाम खड्ड्यांतून नेली गाडी. दबाव. कर्नल झोपला होता.

९ मे
सबेताय गाडीवान म्हणतो, स्तेर्गिओ, आधी घोड्याला नाल ठोक, मग देश वाचव. मूर्ख! अंगाचा तिळपापड झाला. पण त्यातच प्लॅन सुचला. फोतिनीच्या पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता कर्नललाच करायचं. हे नातं आमच्यात काय, त्यांच्यात काय, रक्तापेक्षा मोठं. सोयऱ्याचं गाव कोण हिसकावेल?

१२ मे, संध्याकाळ
विचारलं. कर्नलने भर रस्त्यात मिठी मारली. रडला. त्याला मूलबाळ नाही. तीन मुके घेतले. मिशा टोचल्या. देशासाठी सोसलं. गाव वाचलं.

१९ मे
हरामखोर! कर्नल हॉटेलातून नाचत आला. म्हणे, सोयऱ्या, दोन डोंगर सोडले, पण तुझं गाव नाही सोडलं! माझं लेकरू परक्या देशात कसं राहू देऊ? आणि आमचे साहेब डोंगर मिळाले म्हणून खूश! चाबूक मोडला मी. प्लॅन बरोबरच होता. कर्नल चुकीचा वागला. सबेतायला सांगितलं नाही.

२६ मे, आस्प्रोखोरी
आज बाप्तिस्मा. पुलावर सर्ब शिपायाने अडवलं. परवाना? म्हटलं, तो धूर दिसतोय ना, ती आमची चूल. तो म्हणाला, धुराला जाऊ दे, तू थांब. तेवढ्यात मागून कर्नल आला. सोडा रे, माझा पाहुणा आहे, म्हणाला. माझ्या गावात मी पाहुणा! ठरवलं, पाण्याचा थेंब घेणार नाही. मटण खाल्लं. रागाने. दोनदा वाढून घेतलं. नाव ठेवायचा मान धर्मपित्याचा. पोराचं नाव रादिसाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, पण हळू.

आत्ता आई दारात कर्नलला विचारतेय, साहेब, आमच्या स्तेर्गिओला आजची रात्र इथे राहू द्याल का?

बघतो म्हणाला.