वीजपेटीवरचे तसराळे

प्रति,
मा. व्यवस्थापक त्साय,
हिरवी खाडी जलतरण तलाव, कीलुंग.

विषय: पंपघरातील वीजपेटी उंचावर बसवणे व तीवरील तसराळे तातडीने हलवणे.
संदर्भ: आपला कालचा तोंडी आदेश.

महोदय,

अर्जदार को चिन-थू पंपघरात यंत्रचालक आहे. पंपघर तलावाच्या तळाशेजारी, जमिनीखाली आहे. पंपाचे सील गळते आणि वीजपेटी गुडघ्याइतक्या उंचीवर आहे. अर्जदाराच्या आधी तेथे ल्याव मू-फा होते. पोहण्याच्या वर्गात पंप बंद पडू नये म्हणून त्या वेळी ब्रेकर वगळून तार थेट जोडलेली होती. ल्याव टॉवेलने ओली पेटी पुसताना विजेचा धक्का बसून गेले.

त्यानंतर नवा ब्रेकर बसला. पेटीला ओल लागली की तो वीज तोडतो. तिकीटखिडकीवरच्या शू बाई म्हणतात, "ब्रेकर कसला? ल्यावच तो. जिवंतपणी सुट्टी मिळाली नाही, आता घेतोय." अर्जदाराने पेटी वर चढवण्याची विनंती केली असता आपण म्हणालात, "को काका, आधी त्यांना शांत करू, मग पेटीचं बघू."

त्यानुसार, मृतात्मे परत येतात तो भूतमहिना लागताच पंपघरात नैवेद्य मांडण्यात आला. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून येथील प्रथेप्रमाणे मक्याच्या कुरकुऱ्यांचे, मुदत न संपलेले हिरवे पाकीट पेटीवर चिकटवले. मृतात्म्याने हातपाय धुवावेत म्हणून पाण्याचे तसराळे व टॉवेलही ठेवला. मात्र जमीन ओली असल्याने तेही पेटीवरच. पंप थरथरतो, पाणी हिंदकळते, पेटीत उतरते. वीज गेली. शू बाई समाधानाने म्हणाल्या, "बघा, आला हात धुवायला!"

ल्याववहिनी नैवेद्याला आल्या होत्या. तसराळे पाहून एवढेच म्हणाल्या, "अहो, पाण्यानंच गेला ना तो? वर आणखी पाणी कशाला देताय? कोरडं काहीतरी द्या."

आता आपला आदेश आहे की मुलांचे वर्ग संपेपर्यंत ब्रेकर वगळून तार पुन्हा थेट जोडावी. अर्जदार हे करू शकत नाही. सकाळी पंपघराचे दार उघडताच वीजपेटी पुसलेली आढळते. अर्जदार ती पुसत नाही. त्यामुळे भूत नाही, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. परंतु वीज तोडणारा ब्रेकर असो वा ल्याव, या तलावावर आपले काम चोख करणारा तो एकच आहे. त्याला कामावरून काढू नये.

तरी पेटी भिंतीवर छातीच्या उंचीला झाकणासह बसवावी, सील बदलावे, मोटारीखाली ओटा बांधावा आणि साचलेले पाणी उपसण्याची सोय करावी, ही विनंती.

हे जमत नसल्यास पुढील भूतमहिन्यात टॉवेल दोन ठेवावेत, दुसरा अर्जदारासाठी. तसराळे एकही नको.

आपला नम्र व अद्याप कोरडा,
को चिन-थू
सातवा चांद्रमास, षष्ठी

सोबत:
भिजलेले हिरवे पाकीट (मुदत संपलेली नाही).
थेट जोडणीसाठी आपण दिलेली तार, न वापरता परत.