अप्पांचे एकेचाळीस खोकले

२ मार्च, सोमवार

एकेचाळीस! अप्पांच्या नव्या अल्बममध्ये बावन्न मिनिटांत एकेचाळीस खोकले. विलंबितात तेवीस, द्रुतात अठरा, त्यातले दोन चक्क ऐन समेवर! अकरा वर्षांनी शास्त्रीयचा अल्बम काढतायत आणि हुकूम सुटलाय, "एकही ऐकू येता कामा नये. लोक म्हणतील, म्हातारा संपला."

गाणं शिकायचं सोडून मी हा स्टुडिओ थाटला तेव्हापासून त्यांच्या लेखी त्यांची लेक नुसती बटणं दाबते. "आठ वर्षं शिकवलं, पाण्यात गेलं." आज पहिल्यांदा स्वतःहून काम दिलंय. बिघडलं तर जन्मभर ऐकवतील. आणि नीट झालं तर? तर एकदा तरी बरं म्हणतील का? बघू.

३ मार्च

दिवसभर खोकले कापले. मान धरली.

४ मार्च

दुपारी एक इंडी पॉपवाली गायिका आली. आठ गाणी, सगळी कपड्यांच्या कपाटात बसून गायलेली! मी घासूनपुसून लख्ख केली, तर म्हणे, "ताई, फारच स्वच्छ वाटतंय हो. कुणीतरी घरात वावरतंय असं हवं." दार करकरवलं — नको. चमचा पाडला — नको. खुर्ची सरकवली — "खोटं वाटतं." एकाला आवाज नकोत, हिला हवेत! मी वेडी व्हायची बाकी.

शेवटी वैतागून कापलेल्या खोकल्यांचं फोल्डर लावलं. पोरगी ताडकन उठली. "हेच! कोण आहेत हे?"

"आहेत एक शेजारी," मी म्हटलं. जीभ कशी रेटली कोण जाणे.

६ मार्च

चौदा खोकले तिसऱ्या गाण्यात बसवले. ड्रम नाही, काही नाही, नुसता अप्पांचा खोकला. खोटं कशाला बोलू, झकास बसलाय! आणि अप्पा कुठे असली गाणी ऐकायला जातायत.

१३ मार्च, शुक्रवार

तिचा अल्बम आला. तिसरं गाणं सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय.

१५ मार्च, रविवार

मेले!

अप्पा जेवायला आले होते. माझ्या लेकीने मोबाइलवर नेमकं तेच गाणं लावलं आणि दुसऱ्या ओळीलाच किंचाळली, "आई, हे तर आजोबा खोकतायत!" कार्टीचे कान माझ्यावर गेलेत. मी पानात डोकं घातलं.

अप्पांचा घास हातातच. पूर्ण गाणं ऐकलं. "परत लाव." परत. "परत." डाव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती.

"खोकला माझा. तालात कुणी बसवला?"

"मी."

"मला न विचारता?"

"हो. चुकलं, अप्पा."

म्हणाले, "तिसरा जरा घाईत आलाय." हात धुतले, चपला चढवल्या आणि दारातून, माझ्याकडे न बघता, "बाकीचे लयीत आहेत."

भांडी घासताना मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

१६ मार्च

सकाळी आठला अप्पांचा फोन. "माझे खोकले परत घाल."

सगळे?

"सगळे कशाला! दम्याचा पेशंट आहे का मी? सात-आठ पुरेत. कुठले, ते तू ठरव."

तू ठरव! अप्पा म्हणाले! दोनदा विचारून खात्री करून घेतली, तर फोन आपटला.

इंडी पॉपवालीलाही खरं सांगून टाकलं, शेजारी नव्हे, वडील. ती म्हणे, "मग कार्यक्रमाला येतील का हो खोकायला?" बाई गं, हे मी नाही विचारणार!

२७ मार्च, शुक्रवार

अप्पांचा अल्बम आला. कव्हरमागची नावं त्यांनी स्वतः लिहून दिली होती, कुणाला दाखवली नव्हती. ध्वनिमुद्रणापुढे स्टुडिओचं नाव, माझं नाही! डोकंच सणकलं. फोन करून भांडणार होते. मग वरची ओळ वाचली. साथसंगत — तबलजी, पेटीवाले, आणि तिसरं नाव माझं.