प्रेमिला हयात असल्याबाबत

लष्करीबाग, नागपूर
रविवार, दिनांक ८ नोव्हेंबर १९८१

चि. सौ. प्रेमिला हीस सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

मी, देवराव सीताराम सोमकुवर, वय वर्षे चौसष्ट, शिक्षण मराठी चौथी पास, सेवानिवृत्त मानद लेफ्टनंट, तुझा वडील, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की या पत्रातील मजकूर खरा आहे. गेला महिनाभर कोर्टाच्या आवारात बसून मी प्रतिज्ञापत्रेच तयार करवून घेत असल्यामुळे हात या वळणावर गेला आहे. तरीही हे वळण मी मुद्दाम ठेवले आहे. दहा वर्षांनंतर लिहिलेल्या पत्रावर तू विश्वास ठेवावास, असे म्हणण्यास मजजवळ दुसरा आधार नाही.

येथील सर्व क्षेम. तुझ्या आईचे गुडघे थंडीने आखडतात, परंतु ती ऐकत नाही, पहाटेच उठून अंगण झाडते. रविंद्र लकडगंजातील वखारीत पूर्ववत कामावर आहे. तो तुझ्याकडे कळमेश्वरास येतो-जातो हे मला ठाऊक आहे. मी त्यास कधी हटकले नाही, याची नोंद घ्यावी. तुझा मुलगा तिसरीत गेला असल्याचे समजले. त्याचे अक्षर चांगले आहे असेही समजले.

तुझे कार्ड मिळाले. तू लिहिले आहेस, "तुम्ही सरकारदप्तरी मला मेलेली लिहून दिलीत असे रविंद्रकडून कळले. ठीक आहे. आईला सांभाळा." हा मजकूर उघड्या कार्डावर लिहावयास नको होता. पोस्टमनने तो वाचला, हे कार्ड देताना त्याच्या तोंडावरून मला समजले, आणि दुपारपर्यंत गल्लीसही समजले. मी पाकिटातून उत्तर देत आहे.

प्रथम वस्तुस्थिती. आम्हा निवृत्त लोकांना यंदा आपापल्या नोकरीच्या नोंदी तपासून घेण्याची सूचना आली. मी रेकॉर्ड ऑफिसकडून माझ्या नोंदींची प्रत मागविली. प्रत आली तीत तीन चुका निघाल्या. माझ्या जन्मगावाचा तालुका चुकलेला होता. तुझ्या आईचे नाव रुखमाबाईऐवजी रुक्मिणी होते. या दोन्ही गोष्टी प्रतिज्ञापत्र पाठविताच दुरुस्त झाल्या. तिसरी चूक कुटुंबाच्या रकान्यात होती. तेथे तुझे नाव, व त्यापुढे "मृत, १९५१" अशी नोंद आहे. रविंद्रने प्रत माझ्या टेबलावर पाहिली आणि मला न विचारता तुला जाऊन सांगितले. वाचलेले त्याने बरोबर सांगितले. साल सांगावयास तो विसरला. १९५१ साली तू चार वर्षांची होतीस. तुझ्या लग्नाशी या नोंदीचा काही संबंध असू शकत नाही.

ही नोंद मी केलेली नाही. करविलेलीही नाही.

तुझ्या लग्नास मी आलो नाही हे खरे आहे. १९५६ साली मी रजा घेऊन आलो, तुम्हा सर्वांना पांढरी वस्त्रे नेसविली, आणि त्या मैदानात तुझा हात धरून उभा राहून प्रतिज्ञा घेतल्या. त्या मोडून सासरच्या अंगणात सत्यनारायणापुढे बसलेली मुलगी मला पाहवली नसती. मी निरोप धाडला तो एवढाच, की मी येणार नाही. "आम्हाला मुलगी मेली" हे वाक्य माझ्या नावावर फिरले, ते मी उच्चारलेले नाही. ते खोडून काढण्यासाठी मी कोणाच्या दारीही गेलो नाही. लोकांच्या बोलण्यास उत्तर देण्याची मला सवय नाही.

आता नोंद कशी झाली ते सांगतो. तुला धाकटी बहीण झाली होती, हे तुला कोणी सांगितले आहे किंवा नाही, मला माहीत नाही. तुझ्या आईने सांगितले नसावे. १९५१ च्या उन्हाळ्यात ती झाली. मी तेव्हा हवालदार होतो, आणि आमची पलटण उत्तरेस सरहद्दीवर होती. तुझ्या आजोबांनी कोणाकडून तरी पत्र लिहविले, की दुसरीही मुलगीच, बारसे तू सुट्टीवर आल्यावर करू. आपल्याकडे तेव्हा असेच चालत असे. बाप पलटणीत असला म्हणजे नावासाठी त्याची वाट पाहत. मी पत्र घेऊन पलटणीच्या क्लार्ककडे गेलो. तो म्हणाला, नाव आणा, मग नोंद करतो; बिननावाचे मूल रकान्यात बसत नाही. मी म्हटले, सुट्टीवरून आल्यावर नाव देईन.

सुट्टीपूर्वीच तार आली. "मुलगी वारली, लवकर या." तारेत नाव नव्हते. ज्या मुलीला नाव नव्हते, तिचे नाव तारेत कसे येणार? क्लार्कने दप्तर उघडले. माझ्या नावावर एकच मुलगी होती. त्याने तिच्यापुढे नोंद केली, आणि त्या आधारावर माझी रजा तात्काळ मंजूर झाली. मी घरी आलो. त्या प्रवासाविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही.

परत गेल्यावर मी क्लार्कला चूक दाखविली. तो म्हणाला, वारलेल्या मुलीचे नाव द्या, म्हणजे हिचे खोडतो. पुढल्या सुट्टीत मी तुझ्या आईस नाव विचारले. ती चुलीपुढून उठून गेली. मी पुन्हा विचारले नाही. नंतर पलटण हलली, क्लार्क बदलला, आणि चूक आज तीस वर्षे तशीच आहे.

गेल्या आठवड्यात मी सिव्हिल लाइन्समधील सैनिक बोर्डाच्या कचेरीत गेलो होतो. तेथील तरुण बाबू खुर्चीत रेलून मला म्हणाला, "लग्न झालेल्या पोरीले पेन्शन भेटत नाही बाबाजी. कागदात जिती असली काय न मेली काय, काय फरक पडून राहिला? काहून जिवाले तरास देता गा?" मी त्यास सांगितले, की प्रथम उभे राहून बोलावे. तो उभा राहिला. मग मी सांगितले, की फरक मला पडतो. आवाज चढला असावा, कारण आतून सचिवसाहेब बाहेर आले. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मार्ग सांगितला. मुलीने समक्ष हजर राहून हयात असल्याबद्दल सही करावी; रक्ताच्या नात्याबाहेरील एका इसमाने तिची ओळख पटवावी; आणि १९५१ साली जे मूल वारले त्याचे नाव अर्जात भरावे. तारीख सोमवार, २३ नोव्हेंबर नेमली आहे.

तरी तू त्या दिवशी येणे करावे. सकाळच्या बसने सीताबर्डीस उतरावे. तेथे मी उभा असेन.

येथपर्यंत लिहून मी पत्र तुझ्या आईस वाचून दाखविले. तिला वाचता येत नसल्याने घरातून जाणारे प्रत्येक पत्र मी तिला वाचून दाखवितो. ती समोर तूर निवडीत बसली आहे. ऐकून म्हणाली, "हे का पत्र व्हय? हे तं कचेरीचं बोलावणं झालं. पोरगी कायले येईन?"

मी म्हटले, "जे घडले ते सर्व लिहिले आहे."

"गाडीतलं काहून नाही लिवलं?"

मी विचारले, तुला गाडीतील काय ठाऊक. ती म्हणाली, "तुमाले तापात बोलताना ऐकलं म्या, सागरच्या छावणीत होतो तवा. लिवा."

म्हणून लिहितो. हे मी कोणास सांगितलेले नाही.

तार हाती आली तेव्हा माझ्या मनात दुसरा विचार आलाच नाही. मुलगी म्हणजे तू. धाकटीला मी पाहिले नव्हते. ती माझ्यासाठी आजोबांच्या पत्रातील एक ओळ होती. क्लार्कने तुझे नाव लिहिले तेव्हा त्याने मला विचारले होते, "प्रेमिलाच ना?" मी हो म्हणालो. चूक त्याची एकट्याची नव्हती. माझ्या ट्रंकेत तुझ्यासाठी लाल लोकरीचे टोपडे आणि लाकडी हत्ती होता. इटारसीस गाडी बदलताना फलाटावर एक बाई तुझ्याएवढी मुलगी घेऊन बसली होती. मी दोन्ही वस्तू तिला देऊन टाकल्या. ती घाबरली. फौजी माणूस गणवेशात उभा राहून रडतो आहे, हे तिने पूर्वी पाहिले नसावे.

घरी पोहोचलो तेव्हा तू उंबऱ्यावर बसून चिंचेचे बोटुक चोखीत होतीस. मला पाहून म्हणालीस, "बाबा, मले काय आणलं?"

मी हसलो. मोठ्याने हसलो, प्रेमिला. तुला उचलून खांद्यावर बसविले आणि अंगणात फिरलो. शेजारीपाजारी सांत्वनास जमलेले होते, ते पाहत राहिले. आत तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चोळीचा पुढचा भाग दुधाने भिजलेला होता. माझे हसणे तिने ऐकले. मी आत गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमची तुमाले भेटली. माही तं गेली."

त्यानंतर या विषयावर आमच्यात बोलणे झाले नाही. मी तिला दोष देत नाही. ज्या घरात मूल गेले होते, त्या घरात मी सुखाने हसलो. परंतु त्या क्षणी मला जे वाटले ते खोटे नव्हते, आणि तेच तुला या पत्रात सांगावयाचे होते. पहिल्या चार पानांत ते सांगता आले नाही. मी तुला एकदा मेलेली समजून प्रवास केला आहे. ते पुन्हा माझ्या तोंडून निघणे शक्य नाही. तुझ्या लग्नाचा मला राग होता. तो काही अंशी अजून आहे. परंतु तू हयात आहेस, हे मला रोज माहीत असते.

वरील मजकूरही मी तुझ्या आईस वाचून दाखविला. तिने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "एवढं लिवलं, तं आता धाकलीचं बी लिवा. गोपिका."

मी विचारले, "हे कोणी ठेवले?"

"कोण ठेवन? म्याच. तुमी सुट्टीवर येईपर्यंत तिले काय 'ए पोरी' म्हणत बसू?"

"मला कधी सांगितले नाहीस. मी विचारले होते."

"तुमी कागदासाठी इचारलं," ती म्हणाली. "क्लार्कसाठी इचारलं. मले पोरीचं कधी इचारलं?"

हे खरे आहे, म्हणून लिहून ठेवतो. आता विचारले. ती सांगत आहे. धाकटीचा रंग तुझ्याहून उजळ होता. उजव्या कानामागे तीळ होता. तू तिच्या पाळण्याची दोरी ओढीत असस आणि ती झोपली की जागे करीत असस. ऊन लागून ताप आला आणि ती गेली. मी प्रथमच पाहत असल्यासारखा तिच्याकडे पाहत आहे, असे तीच म्हणते आहे. तीस वर्षांत ती माझ्याशी एवढे बोललेली नाही.

अर्जातील मोकळी जागा मी आताच भरली. कुमारी गोपिका देवराव सोमकुवर. नाव जुन्या धर्मातील आहे. मी ते बदलणार नाही. ज्या आईने ते ठेवले, तिचा तो अधिकार होता. हे लिहिताना तुझ्या अंगणातील पूजेचा विचार माझ्या मनात येऊन गेला, तोही येथे नमूद करतो. त्यावर अधिक लिहिता येत नाही.

ओळख पटविणारा इसम रक्ताच्या नात्याबाहेरचा पाहिजे. त्या रकान्यात मी जावईबापूंचे नाव घातले आहे. त्यांस न विचारता घातले, हे रीतीस धरून नाही. त्यांची हरकत असल्यास कळवावे. हरकत नसल्यास त्यांनी तुझ्यासोबत यावे, व कचेरीचे काम आटोपल्यावर दोघांनी लष्करीबागेत जेवावयास यावे. मुलाची शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. तुझ्या आईने पाटवड्यांचा विचार आताच बोलून दाखविला आहे.

तू न आल्यास नोंद तशीच राहील, आणि माझ्यामागे जो कोणी ते दप्तर उघडील तो तू हयात नाहीस असे समजेल. मला ते नको आहे. इतकेच मागणे.

हे पत्र मी शुद्धीवर, कोणाच्या दबावाशिवाय, स्वहस्ते लिहिले आहे.

तुझा वडील,
देवराव सीताराम सोमकुवर
मानद लेफ्टनंट, सेवानिवृत्त

लिहिताना समक्ष हजर:

१. रविंद्र देवराव सोमकुवर, मुलगा. शेवटच्या पानाच्या वेळी घरी आला, संपूर्ण वाचले. सही.

२. रुखमाबाई देवराव सोमकुवर, प्रेमिला, गोपिका व रविंद्र या तीन मुलांची आई. प्रथमपासून अखेरपर्यंत हजर. निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची.