उंदरांनी दिलेली वर्दी

केपटाऊन, ४ फेब्रुवारी

ती. बाबा,
शि. सा. न., पण आज जरा रागानेच.

कुठेही डोंगर पेटला की काडी माझीच, हे तुम्ही किती वर्षं धरून बसणार? रेडिओवर बातमी ऐकलीत आणि पत्राच्या पहिल्या ओळीत विचारलंत, मी तेव्हा कुठे होतो. जिवंत आहे का, हे दुसऱ्या ओळीत! मान्य, आपल्या गावी देड्झाच्या डोंगरावर खायला रानउंदीर धरायचे म्हणून गवत मी पेटवलं. तुमच्या राखणीतले पाइन जळले, तुमची वनरक्षकाची नोकरी गेली. तेव्हा मी चौदाचा होतो, आता तेवीसचा आहे.

मी बागेत होतो, माझ्या कामावर. त्या दुपारी इथल्या डोंगरामागून धूर चढला आणि सगळं शहर रस्त्यात येऊन माना वर करून उभं. मालकीणबाई गाडीत मांजरं भरत होत्या. आमच्या कुंपणापाशी बंबवाले धुराकडे बघत होते. मी खाली बघत होतो, जुनी खोड. उजव्या घळीतून उंदीर नुसते सुटले होते. मी ओरडलो की आग घळीतून येतेय. एकजण म्हणाला, माळीबुवा, तुम्ही गुलाब सांभाळा. पण त्यांचे मुख्य पीटरसनसाहेब, त्यांनी माणसं वळवली. पाच मिनिटांत घळ भडकली! मीही ओलं पोतं घेऊन झोडपत सुटलो. भुवया तेवढ्या गेल्या.

साहेब मला आग विझवणाऱ्या टोळीत घेतो म्हणतात. पण आगीतल्या जाणत्याने माझ्याबद्दल लिहून द्यायला हवं. मी तुमचं नाव सांगून बसलोय. नाही म्हणालात तर आहेच आपलं गवत कापणं.

तुमचा,
मसाउत्सो

देड्झा, २६ फेब्रुवारी

चि. मसाउत्सो यास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडी चालून गेल्यासारखंच. मका कमरेच्या वर आलाय. तुझ्या बहिणीला, तादालाला, मुलगा झाला. त्यालाही भुवया नाहीत, त्यामुळे मामावर गेला म्हणून ती खूश आहे.

साहेबांसाठी चिठ्ठी सोबत आहे. खोटं लिहायला मला जमत नाही. लिहिलंय की या मुलाने एक डोंगर जाळलाय, म्हणून आग कशी चालते ते त्याला ठाऊक आहे. आणि जाळल्यावर बाकीची पोरं पळाली, हा एकटा माझ्यापाशी येऊन उभा राहिला. हे तुला मी कधी बोललो नव्हतो. पटलं तर दे, नाहीतर फाड.

जिवाला जपून.
बाबा

केपटाऊन, ३० मार्च

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

पहिलं वाक्य वाचून चिठ्ठी फाडणारच होतो. पुढचं वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दिली. साहेबांनी सगळ्या टोळीला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, इतकी खरी चिठ्ठी आजवर कुणी आणली नाही. बूट एक माप मोठे मिळालेत, दोन-दोन मोजे घालतो. टोळीत माझं नाव उंदीरमामा पडलंय. बाळाला सांगा.

राग जेवढा उतरला असेल तेवढी माया राहू द्या.

तुमचा,
मसाउत्सो

ता. क. माझे पैसे आजवर आईच घेत आली, तुम्ही हात लावला नाहीत. या खेपेला पाकिटावर तुमचं नाव घातलंय आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असं पाकीट गावी आणणाऱ्या बसवाल्या काकांना बजावलंय. टोळीतला पहिला पगार आहे. आठशे रँड.