अंगठ्याला दुसरं काम

९ जाने., गुरु.
दाढ दाखवायला गेलेलो. डॉक्टर मॅडमनी दाढ बघितली, मग टॉर्च डाव्या गालाकडे वळवला आणि तिथेच धरून ठेवला.
"तंबाखू किती वर्षं?"
"सत्तावीस."
"इथेच ठेवता?"
इथेच ठेवतो. कंपनीत लागलो त्या वर्षापासून. दिवसातून सात-आठ वेळा चुना लावून मळायची आणि डाव्या गालात.
आत पांढरा चट्टा आहे. नखाएवढा. तीन आठवडे तंबाखू पूर्ण बंद, मग परत दाखवायचं. चट्टा राहिला तर ठाण्याला तुकडा काढून तपासायला पाठवणार. "सोडवेल?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.
सुजाताला संध्याकाळी सांगितलं. ती हातातली भाजी निवडतच राहिली. मग म्हणाली, "आईंना सांगू नका."

१० जाने., शुक्र. सुट्टी
सकाळी पुडी आणि चुन्याची डबी कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकली. लेकीने, प्रज्ञाने, टाळ्या वाजवल्या.
साडेअकराला दूध आणायला म्हणून खाली गेलो. टपरीवर तंबाखूचा बार भरून आलो. दूध विसरलो.

१२ जाने.
कालपासून खरंच बंद.
जेवणाच्या सुट्टीत घरतने नेहमीसारखी मळली, अर्धी स्वतःला, अर्धी माझ्यासमोर. एकोणीस वर्षं कंपनीत एका इलेक्ट्रिक पॅनलवर काम करतोय दोघं, एकोणीस वर्षं हे असंच. मानपाड्याच्या बाजूच्या गावातला माणूस, मनाने मोठा. "नको," म्हटलं तर हात तसाच पुढे धरून राहिला. मला वाटतं त्याला वाईट वाटलं.
एक लक्षात आलं. तलप आधी तोंडाला येत नाही. हाताला येते. बसल्या बसल्या माझा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर आपोआप फिरायला लागतो. तळहातात काही नाही, तरी मळतोय. मग तोंडाला पाणी सुटतं. मग डोकंही तिकडेच जातं.

१४ जाने., मंगळ.
चौथा दिवस. तिळगूळ घेतला, गोड बोललो नाही. चार्जरवरून प्रज्ञावर ओरडलो, चूक माझी होती. ती खोलीत जाऊन बसली. बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ओरडायचं वय गेलं तिचं.
आई खिडकीपाशी बसलेली. तिला नीट दिसत नाही आता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. तरी म्हणाली, "विलास, मघापासून हात काय चोळतोयस?"
"काही नाही."
"ये इकडे."
तिच्या पेटीतून क्रोशाची सुई काढली. टोकाला आकडा असलेली, स्टीलची. आधी ती दारांना तोरणं, टीव्हीवर टाकायला रुमाल, सगळं करायची. डोळे अधू झाल्यापासून पेटी बंद. माझ्या डाव्या हाताच्या बोटाला दोरा गुंडाळला, उजव्या हातात सुई दिली. "दोरा ओढ, बाहेर काढ. परत ओढ. ह्याला साखळी म्हणतात."
अठ्ठेचाळीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन. आईपुढे मांडी घालून साखळ्या विणतोय. सुजाता स्वयंपाकघरातून बघून गेली.
पाऊण तास गेला. घड्याळ बघितलं तेव्हा कळलं की पाऊण तास अंगठा कामात होता.

१७ जाने., शुक्र.
सुट्टीचा दिवस सगळ्यात वाईट असणार हे माहीत होतं. सकाळपासून विणत बसलो. साखळी जमते. आज मुका खांब. आईने नाव सांगितलं तेव्हा हसू आलं. खांब म्हणजे उभा टाका, आणि हा सगळ्यात बुटका, उंचीच नाही, म्हणून मुका.
कडा वाकड्या येतात. मी दोरा आवळून धरतो. आई म्हणते, "वायर नाही ती. सैल धर."
दुपारी तिने बोटांनी तुकडा चाचपला. दिसत नाही, पण बोटांना सगळं कळतं. "ह्या ओळीत बावीस आहेत, खालच्यात चोवीस. दोन कुठे सांडलेस?"
मोजलं. बावीसच होते.

२० जाने., सोम.
टूलबॅगमध्ये टेस्टरच्या बाजूला सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन गेलेलो. कँटीनमध्ये काढलं. सगळे एकदम हसले. घरत सगळ्यात मोठ्याने. "इलास, बायकांचा काम कवापासून कराला लागलास?" कुणीतरी फोटो काढला, संध्याकाळी ग्रुपवर आला. खाली इमोजी, साडीतला माणूस, हसणारे चेहरे वगैरे.
लागलं. घरतचं जास्त लागलं.
पण वीस मिनिटांची सुट्टी गेली आणि मी बार भरला नाही. दोन्ही हात अडकलेले असले की मळता येत नाही, साधी गोष्ट. आणि टाके मोजायचे तर डोक्यात दुसरं काही ठेवता येत नाही. राग पण नाही. मोजणी चुकते.

२३ जाने., गुरु.
मोठं मशीन बंद पडलं. चार तास पॅनलमध्ये डोकं घालून होतो. चालू झालं, साहेब पाठीवर थाप मारून गेले, आणि घरतने हात पुढे केला. घेतली.
दोन मिनिटं ठेवली असेल. चक्कर आल्यासारखं झालं, थुंकलो. बारा दिवस गेले पाण्यात.
घरी सुजाताला सांगितलं. लपवणार होतो, पण तिने विचारलंच नाही म्हणून सांगावं लागलं. ती म्हणाली, "जेवून घ्या."
रात्रीच्या जेवणाआधी आईजवळ बसलो. तुकड्यावर बोट फिरवत होती. एका जागी थांबली. "इथे चुकलंय. पाच ओळी मागे."
"राहू दे ना. कुणाला दिसणारे?"
"तुला कळलं ना आता. उसव."
मी रागात सगळंच ओढायला लागलो. तिने मनगट धरलं. "सगळं कशाला? चुकलंय तिथपर्यंतच. खालचं चांगलं आहे."
पाच ओळी उसवल्या. खालचं राहिलं. परत विणायला घेतलं.

३० जाने., गुरु.
मॅडमकडे. चट्टा कडेने कमी झालाय. गेला नाही.
ठाण्याला मंगळवारी तुकडा काढायचा.
मॅडमनी विचारलं, "सोडली कशी? गोळ्या नाही, च्युइंगम नाही?" सुई दाखवली. त्यांनी हातात घेऊन बघितली. हसल्या नाहीत. "हे चालू ठेवा," म्हणाल्या.
आईला अजून दाढेचंच सांगितलंय.

४ फेब्रु., मंगळ.
विठ्ठलवाडीहून सकाळी बसने निघालो, सुजाता सोबत. शीळफाट्याला ट्रेलर आडवा. बस पन्नास मिनिटं जागची हलली नाही. लोक ड्रायव्हरवर ओरडत होते, फोनवर ओरडत होते. मी विणत होतो. खरं सांगायचं तर घाबरलेलो, पण घाबरून टाके मोजत होतो. सुजाताने गुंडा मांडीवर धरलेला, लागेल तसा दोरा सोडत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, दोघांनी मिळून एक काम असं कधी केलं होतं आठवत नाही.
दवाखान्यात दहा मिनिटांचं काम. इंजेक्शन, मग काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आत दोन टाके घातलेत, घाबरू नका." सुजाता म्हणाली, "टाक्यांना नाही घाबरत हे." आणि हसायला लागली. मग तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती कळलं नाही, विचारलं पण नाही.
रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

६ फेब्रु.
तोंड सुजलंय. पेज, ताक. बोलता येत नाही. रजेवर.
आई म्हणाली, "मला कुणी काही सांगितलं नाही. दाढ काढायला ठाण्याला कुणी जातं का?"
मी पेजेची वाटी तोंडाला लावली.
"पहिल्या दिवशीच कळलं मला. तू पुडी टाकलीस म्हणजे काहीतरी मोठं असणार. तुझ्या बाबांना सांगून सांगून थकले, विडी सुटली नाही शेवटपर्यंत. म्हटलं, बोलून होत नाही, ह्याच्या हातात काहीतरी देऊ."
मग म्हणाली, "रिपोर्ट आला की मला खरं सांगायचं. बरा असो, वाईट असो."
मान डोलावली. तिला दिसलं नसणार. हात धरला.

१० फेब्रु.
काही सुचत नाही. विणतो. किती झालंय बघत पण नाही.

१३ फेब्रु., गुरु.
कॅन्सर नाही.
कॅन्सर नाही.
पेशींमध्ये बदल सुरू झालेला, सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. तंबाखूला परत हात लावायचा नाही, कधीच. "कधीच म्हणजे कधीच," असं दोनदा.
बाहेर आलो. रस्त्यावर ऊन, रिक्षा, माणसं, सगळं जसं होतं तसंच. सुजाता फुटपाथवर उभी राहून मला ओरडली. सत्तावीस वर्षांचं सगळं एकदम. येणारे-जाणारे बघत होते. मी ऐकून घेतलं. मग तीच म्हणाली, "उसाचा रस घेऊ." बर्फाशिवाय घेतला. गालाला झोंबला तरी दोन ग्लास.
प्रज्ञाला फोन केला. लेक्चरमध्ये होती, तरी उचलला. "बाबा, बोला पटकन." सांगितलं. मग "ओके. ओके बाबा."
आईला घरी येऊन, चपला काढायच्या आधी सांगितलं. तिने तोंडभर "बरं" म्हटलं. जरा वेळाने खिडकीकडे तोंड करून बसली.

१४ फेब्रु., शुक्र.
नऊ तास झोपलो. महिन्यात पहिल्यांदा.

२३ फेब्रु.
हे आपल्यापुरतं लिहून ठेवतो, कारण विसरायला होईल.
झोप लागते. कंपनीच्या तपासणीत बीपी आधीपेक्षा कमी आलं. ओरडणं कमी झालंय, असं सुजाता म्हणते, प्रज्ञा म्हणते थोडंच कमी झालंय. आईशी रोज तासभर बसतो. आधी दारातून "जेवलीस का" एवढंच बोलायचो आणि निघायचो. आता तिने काय काय सांगितलं. लग्नाआधी मामाच्या घरी कशी राहिली, सुई कुणी शिकवली. शेजारच्या बाईने, ओट्यावर बसून. मला हे काहीच माहीत नव्हतं.
प्रज्ञा मोबाईलवर व्हिडिओ लावून देते. त्यातल्या खुणा इंग्रजीत, ती वाचून सांगते, मी करतो. तिला मोबाईलची पिशवी करून दिली. वाकडी आहे. कॉलेजला घेऊन गेली.
कँटीनमध्ये आता कुणी फोटो काढत नाही. स्टोअरच्या बाईंनी नातीसाठी टोपी होईल का विचारलं.
तलप जात नाही मात्र. रोज येते. पाऊस आला की छत्री उघडतो तशी सुई काढतो.

७ मार्च, शुक्र.
आई ऑपरेशनला तयार. स्वतःहून. "तू निळा निळा म्हणतोस, तो कुठला निळा ते बघते एकदा." चौदा एप्रिलला विहाराच्या दारावर लावायला तोरण करतोय, निळं-पांढरं. सुजाताने मागच्या तीन वर्षांत किती विनवण्या केल्या होत्या. तिला आज राग आणि आनंद दोन्ही.

१९ मार्च, बुध.
आईचा उजवा डोळा झाला. पट्टी काढल्यावर आधी तोरण मागितलं. जवळ धरून बघितलं. "निळा चांगलाय. विणलंयस मात्र..." हसली. मग म्हणाली, "म्हातारा झालास रे."

२ एप्रिल, बुध.
घरतने आज वडापाव अर्धा टाकला. "तिखट लागतंय." गेल्या आठवड्यात पण तसंच. सुट्टी संपल्यावर पॅनलमागे आला, हळू आवाजात, "इलास, मना पन दाखव ना तो."
"काय?"
"त्योच. सुईचा."
मी म्हटलं, तोंड उघड. त्याने उघडलं. दोन बोटं जेमतेम जातील एवढंच. जास्त उघडत नाही म्हणाला, सहा महिने झाले. गाल आतून ताठ.
"आधी डॉक्टर," म्हटलं.
"आधी सुई दे. डॉक्टर मंग बगू."
आईची जुनी सुई नाही दिली, दुसरी दिली. दुपारभर साखळ्या करत होता. माझ्यापेक्षा पटकन जमलं त्याला. हातभर लांब साखळी केली आणि दोनदा बाहेर जाऊन थुंकून आला.

८ एप्रिल, मंगळ.
घरतला रोज सांगतोय. "उद्या." घरी सांगितलं नाहीये त्याने. पुडी चालूच, कमी केली म्हणतो. आज शेवटी मीच मॅडमकडे त्याची वेळ घेतली, शुक्रवार अकरा. "येशील?" तर म्हणाला, "रिपोर्ट तुजासारका नाय आला तं?"
म्हटलं, मी बाहेर बसतो. तू आत जा. एवढंच.

११ एप्रिल, शुक्र.
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. काल तोरण पूर्ण झालं, सोमवारी लावणार. माझी स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यात, त्याची भीती आहेच, पण आज ती दुसऱ्या नंबरवर आहे.
साडेदहाला आलो. घरतच्या बायकोशी सकाळी बोललो, म्हणाली गाडी घेऊन बाहेर पडलेत, कुठे ते सांगितलं नाही. फोन वाजतोय, उचलत नाही.
अकरा वाजून पाच. काउंटरवरच्या मुलीने वही उघडून विचारलं, "घरत? पेशंट कुठे आहेत?"
"येतोय," म्हटलं. "पुढच्याला सोडा आत. मी थांबतो."