कवड्यांचा जुगार

कळंबजवळून,
ता. १८-८-१९५९

ती. सौ. हंसाबाईस, धाकट्या भावाचा, खेमसिंगचा सा. न. वि. वि.

बाई, खुशाली काय लिहू, राग मावत नाही. सातवीच्या पोरांसाठी तू तुझ्या घागऱ्याच्या कवड्या उसवून दिल्या होत्या. पोरं बीजगणितातल्या 'क्ष'ला भ्यायची. म्हणून मी वाटीखाली काही कवड्या झाकल्या, बाजूला तीन उघड्या ठेवल्या. सगळ्या मिळून आठ. उघड्या तीन वजा करा, झाकलेल्या किती, तोच क्ष! गुलाबसिंग ओरडला, पाच. वाटी उचलली, तर पाचच. वर्ग टाळ्या पिटत होता तेवढ्यात हेडमास्तर आले. पोरांसमोर म्हणाले, तांड्याचा जुगार शाळेत आणला काय, तुमची जातच तसली. कवड्या उचलून विहिरीत फेकल्या. आता म्हणतात, जुगार खेळवल्याची कबुली लिहून दे, नाहीतर शाळा चालवणाऱ्या जनपद सभेत तक्रार करतो. राजीनामा द्यावासा वाटते.

भावजींना रामराम. तुझी माया राहू दे.

तुझा खेमसिंग

महागावजवळचा तांडा,
ता. २५-८-१९५९

चि. खेमसिंगास आशीर्वाद.

तुहं पत्र चुलीपाशी वाचलं, भाकर जळली. त्या कवड्या आपल्या याडीनं, मायनं, माह्या लग्नात सोताच्या हातानं शिवल्या होत्या. त्या गेल्या याचं दुःख हायच. पण तो हेडमास्तर जातीवरून बोलला तरी तू मुका काहून राह्यला? लहानपणी माह्याशी तर पेरूच्या फोडीवरून भांडायचा! राजीनामा कायले? चोरी केली का? तुहे भावजी म्हणतात, सही करून मोकळा हो. मी म्हटलं, पुन्हा असं बोलाल तर आज चूल पेटत नाही. सही करू नोको. जेवत जा.

सदा तुह्या पाठीशी,
हंसाबाई

कळंबजवळून,
मोटारीत बसून, ता. ३०-९-१९५९

ती. सौ. हंसाबाईस सा. न. वि. वि.

सही केली नाही. हेडमास्तरांनी तक्रार केली, चौकशीला जनपद सभेचे साहेब आले. मी म्हटलं, खडे मांडून तोच धडा दाखवतो, पाहून ठरवा. वेळ नाही म्हणाले. काल बदलीचा हुकूम आला, उमरखेडकडे, चौथीपर्यंतच्या शाळेत. तिथं बीजगणितच नाही.

हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं, तुम्ही माझ्या जातीला पोरांसमोर बोललात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. नमस्कार न करता निघालो. वडीलधाऱ्या माणसाशी असं जन्मात पहिल्यांदाच वागलो, आणि पस्तावा नाही.

पोरं मोटारीपर्यंत आली. गुलाबसिंगनं विचारलं, आता गणित कोण घेईल. मी म्हटलं, हेडमास्तर. नीट ऐका, उलट बोलू नका. बाई, हे बोलताना जीभ जळली.

पोरांना मुकं राहायला सांगून आलो म्हणून भेटलो की रागाव, पण माया आटू देऊ नको.

तुझा खेमसिंग